मोठ्या बाईंचा कॉपीराइट

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. शाळेत कपाटामागं खडूचा चुरा साठतो ना, तसे ते साठतात. रोज चिमूटभर. मग एक दिवस चुना लावायला म्हणून कपाट सरकवावं, तर हा ढीग! परवा आम्ही जुन्या मास्तरणी हिरेमठ बाईंच्या घरी चहाला जमलो, तेव्हा तसंच झालं. आणि विषय काय निघाला, तर कॉपीराइट! हिरेमठ बाईंची सून चहाचे कप ठेवता ठेवता थांबलीच. ह्या म्हाताऱ्यांना हा विषय कुठनं सुचला, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिला काय ठाऊक, आमची निम्मी नोकरी ह्या एका शब्दाच्या धाकात गेली!

आमची शाळा बेळगावातली, मुलींची. सातवीपर्यंत मराठी आणि वर इंग्रजीचे दोन वर्ग. इंग्रजांचं राज्य होतं, मध्येच लढाई सुरू झाली आणि कागद सोन्यासारखा जपून वापरायची वेळ आली. मी मराठी शिकवायची. कानडी आणि इंग्रजी हिरेमठ बाईंकडं. चित्रकलेला आप्पा मास्तर. ते शहापुरातल्या विणकराच्या घरातले, त्यांच्या घरी मागावर साड्या विणायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. शिपाई बसाप्पा, गाव जांबोटी. आणि ह्या सगळ्यांवर मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेडमास्तरीण.

मोठ्या बाईंचे धाकटे भाऊ कोर्टात वकील. आम्ही त्यांना वकीलअण्णा म्हणायचो. त्यांनी एकदा कॉपीराइटच्या कायद्याचं पुस्तक बहिणीला वाचायला दिलं. सहज दिलं हो! बाईंनी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं, आणि तिथून आमचं नशीब फिरलं.

* * *

मी नोकरीवर लागून दोन आठवडेही झाले नव्हते. पाचवीला एक कविता शिकवायची होती. पुस्तक बाजारात संपलेलं. वर्गात मुली चौतीस आणि पुस्तक एक, तेही माझं. मी आपली कविता फळ्यावर लिहून काढली. मुलींनी वह्या काढल्या. तेवढ्यात दारात मोठ्या बाई!

"हे काय चाललंय?"

"कविता लिहिलीय, बाई."

"ह्याला प्रत म्हणतात. कायद्यानं लेखकाची परवानगी लागते."

मी घाईनं डस्टर उचललं. "पुसून टाकते, बाई."

"पुसाल हो तुम्ही, पण त्याआधी ह्या चौतीस जणी उतरवून घेतील. म्हणजे पस्तीस प्रती झाल्या!"

"मग शिकवू कशी?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "म्हणून दाखवा. त्यांच्याकडून म्हणवून घ्या. कायदा लिहिण्याला आहे, म्हणण्याला नाही."

मी आठवडाभर कविता म्हणून घेतली. बाकं हालायला लागली इतकी मुलींनी ती जोरात म्हटली. आठवड्यानं परीक्षा घेतली, प्रश्न एकच घातला, 'कविता पूर्ण लिहा.' सगळ्या मुलींनी धडाधड लिहून दिली. मी तो गठ्ठा घेऊन मोठ्या बाईंच्या टेबलाशी गेले.

"बाई, चौतीस प्रती झाल्यात. काय करू?"

बाईंनी वरचा कागद उचलून वाचला. दुसरा वाचला. तिसराही वाचला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या,

"मार्क द्या."

* * *

पुढं पुढं आम्हीच शहाणे झालो. काही करायचं असलं की आधी पत्र लिहायचं. त्या वर्षी गॅदरिंगला मुलींना एक कविता नाचून दाखवायची होती. ती कुणाची, हे आमच्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं. अमक्या गावच्या एका कवींची. कुठल्याशा मासिकात त्यांच्या नावावर ती छापूनही आलेली. मी सुवाच्य अक्षरात परवानगीचं पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. उत्तर नाही. गॅदरिंग चार दिवसांवर आलं. मुली पायात घुंगरं बांधून तयार, आणि मोठ्या बाईंचं एकच पालुपद, "पत्र आल्याशिवाय पडदा वर जाणार नाही."

तिसरं पत्र मी जरा रडकंच लिहिलं. त्याचं उत्तर मात्र लगेच आलं. सगळे माझ्याभोवती जमले. मी वाचायला लागले.

'परवानगी मागण्याचा आपला सुसंस्कृतपणा पाहून भरून आले. परवानगी आनंदाने देतो. मात्र ही कविता माझी नाही. कोणाची आहे ते आपणांस कळल्यास मलाही अवश्य कळवावे. लोक वीस वर्षे माझेच कौतुक करीत आहेत!'

* * *

तुम्ही जुनी मराठी पुस्तकं बघितलीत? पहिल्याच पानावर सूचना असायची, 'ज्या प्रतीवर ग्रंथकर्त्याची सही नसेल ती चोरीची समजावी.' मोठ्या बाईंच्या नजरेला ती एके दिवशी पडली. झालं! शाळेच्या कपाटातली सगळी पुस्तकं खाली निघाली. बघतो तर व्याकरणाच्या बारा प्रतींवर सहीच नाही.

"म्हणजे आपण चोरीचा माल वापरतोय?" बाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. "आणि परवा इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येणार!"

"लेखक जाऊन पंधरा वर्षं झाली, बाई," हिरेमठ बाई हळूच म्हणाल्या. "सही आणायची कुठनं?"

"ते मला सांगू नका. सही पाहिजे म्हणजे पाहिजे!"

आता मध्ये एक सांगायचं राहिलं. त्याच महिन्यात मी बसाप्पाला लिहायला शिकवत होते. पन्नाशीचा माणूस, पगाराच्या कागदावर अंगठा उठवायचा. मला म्हणाला होता, "धाकट्या बाई, एवडं नाव तरी शिकवा. पोरी हसत्यात." दुपारच्या सुट्टीत पाटीवर गिरवून गिरवून त्याला नाव यायला लागलं होतं. आनंद इतका, की दिसेल त्या कोऱ्या जागेवर माणूस नाव लिहून बघायचा.

तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेबांनी नेमकं व्याकरणाचंच पुस्तक उचललं. पहिलं पान उघडलं. भुवया वर गेल्या. दुसरी प्रत उघडली. तिसरी उघडली.

"हेडमिस्ट्रेस, ह्या ग्रंथकर्त्यांचं नाव छापलंय एक आणि सही आहे दुसरीच. हे बसाप्पा कोण?"

मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या बसाप्पानं पुढं येऊन कडक सलाम ठोकला.

"मीच की साहेब! बाई म्हनल्या सही पायजे म्हंजे पायजे. म्हनून बाराच्या बारांवर केली. एकबी चुकली न्हाय, बघून घ्या!"

साहेबांनी खरंच बाराही प्रती बघितल्या. प्रत्येकीवर अक्षर मागच्या प्रतीपेक्षा जरा सरळ होत गेलेलं. मग त्यांनी विचारलं, "लिहायला कधी शिकलात?"

"ह्याच महिन्यात, साहेब."

तपासणीच्या शेऱ्यात साहेबांनी इंग्रजीत काय लिहिलं, ते हिरेमठ बाईंनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'ग्रंथालयातील व्याकरणाच्या सर्व प्रती रीतसर सही केलेल्या आढळल्या. लेखकाची प्रगती समाधानकारक.'

* * *

लढाईच्या दिवसांत भूगोलाची पुस्तकं आलीच नाहीत. नकाशा नसताना भूगोल शिकवायचा कसा? आप्पा मास्तर म्हणाले, "मी बघतो." त्यांनी सरस, ग्लिसरीन आणि साखर शिजवून एका पसरट ट्रेमध्ये ओतलं. थंड झाल्यावर त्याची वडी पडेल असं घट्ट झालं. एका कागदावर जांभळ्या शाईनं नकाशा काढायचा, तो त्या वडीवर दाबायचा, उचलायचा, आणि मग त्याच्यावर कोरा कागद दाबला की नकाशा उठतो! एकदा काढलेल्या नकाशावर तीस-चाळीस कागद सहज निघायचे. फक्त दोन भानगडी होत्या. एक म्हणजे साखरेमुळं मुंग्या लागायच्या आणि जिल्ह्याच्या नकाशातून रांगेनं चालायच्या. आणि दुसरी म्हणजे आख्ख्या वर्गाचे हात जांभळे व्हायचे.

मोठ्या बाई त्या आठवड्यात रजेवर. आणि नेमका त्याच आठवड्यात भूगोलाच्या पुस्तकवाल्यांचा एजंट हजर! नकाशा आमच्याकडच्या एका जुन्या प्रतीवरून काढलेला, म्हणजे त्यांच्याच पुस्तकातला. व्हरांड्यात त्यानं मुली बघितल्या.

"मुलींचे हात असे जांभळे कशानं हो?"

बसाप्पा क्षणभरही थांबला नाही. "जांभळं खाल्ली, साहेब."

"जानेवारीत?"

"आमच्या जांबोटीकडं लौकर येत्यात!"

एजंट काही दूधखुळा नव्हता. सरळ वर्गात शिरला आणि पहिल्या बाकावरचा नकाशा त्यानं उचलला. आप्पा मास्तर खडू हातात धरून उभे. मी दाराशी. मला तर वकीलअण्णा काळा कोट घालून उभे राहिलेलेच दिसायला लागले.

"हा आमचाच नकाशा," एजंट म्हणाला. मग थांबला. पिशवीतून छापील पुस्तक काढून शेजारी धरलं. "पण हे काय? आमच्या पुस्तकात मार्कंडेय नदी मलप्रभेला मिळते. तुम्ही घटप्रभेला नेऊन सोडलीय."

"ती जाती घटप्रभेलाच," आप्पा मास्तर म्हणाले. "तुमच्या पुस्तकात तिला उगंच फिरवलीया. माझी आत्या गोकाककडं दिलीया, लहानपणी पोहलोय मी तिच्यात."

"आत्यात?"

"नदीत हो!"

एजंटानं नकाशा उलटसुलट करून बघितला. मुंग्या झटकल्या. आणि घडी घालून खिशात ठेवला. जाताना एवढंच म्हणाला, "मालकांना दाखवतो."

आम्ही दोन महिने नोटिशीची वाट बघितली. नोटीस आली नाही, नव्या आवृत्तीचा गठ्ठा आला. त्यात मार्कंडेय बरोबर घटप्रभेला मिळाली होती. नदीचं ते वळण, काठावरचं ते झाड, सगळं आप्पा मास्तरांच्या हातचं. आणि नकाशाच्या खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, 'सर्व हक्क स्वाधीन. नक्कल करण्यास सक्त मनाई.'

आप्पा मास्तर बराच वेळ ती ओळ वाचत राहिले. मग कपाळाला हात लावून म्हणाले,

"घ्या! आता माझा नकाशा काढायला मलाच बंदी!"

* * *

हिरेमठ बाईंच्या यजमानांनी घरी ग्रामोफोन घेतला होता. बाई तो टांग्यातून शाळेत घेऊन आल्या. सोबत इंग्रजी उच्चार शिकवणारी तबकडी. साहेबाचाच आवाज! मुली खूष. तबकडीवर एक चरा होता, त्यामुळं साहेब 'गुड मॉ-मॉ-मॉर्निंग' म्हणायचा. मुलींना वाटलं, इंग्रजीत असंच म्हणतात. पुढं कितीतरी वर्षं आमच्या शाळेत पाहुणा आला की साठ मुली एका सुरात "गुड मॉ-मॉ-मॉर्निंग!" म्हणायच्या.

पण मोठ्या बाईंनी तबकडीच्या मधलं लेबल वाचलं. परवानगीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाजवू नये. झाला घोळ! वर्ग सार्वजनिक की खाजगी? वकीलअण्णांकडं विचारणा गेली. त्यांचं उत्तर आलं, "आक्का, शाळेच्या मुली म्हणजे पब्लिक नव्हे. पण बाहेरचं माणूस येऊन ऐकायला लागलं, तर मात्र ते पब्लिक."

बाईंनी बसाप्पाला फाटकावर उभा केला. "ग्रामोफोन चालू असेतो पब्लिक आत सोडायचं नाही. कुणी असो."

बसाप्पानं पोस्टमनला अडवलं. दूधवालीला अडवलं. एका मुलीचे वडील अनगोळहून डबा घेऊन आले होते, त्यांनाही उभं केलं. "पब्लिक न्हाय सोडायचं" एवढं एकच.

चौथ्या दिवशी कोर्टातनं परत जाताना स्वतः वकीलअण्णा आले. बहिणीची व्यवस्था कशी काय चाललीय ते बघायला. अंगात कोट, हातात काठी. बसाप्पानं फाटकाला कडी घातली.

"अरे, मी मोठ्या बाईंचा भाऊ!"

"वळखतो की अण्णा."

"मग उघड!"

"न्हाय. तुमी पब्लिक हाय."

"अरे, पब्लिक म्हणजे काय ते मीच सांगितलंय!"

"म्हनूनच म्हनतो," बसाप्पा अगदी नम्रपणे म्हणाला, "तुमाला तर ठाऊकच हाय!"

* * *

निपाणीला एका शाळेनं आम्हाला मॅजिक लँटर्नच्या खेळाला बोलावलं. दिव्यासमोर काचेची चित्रं सरकवायची, भिंतीवर मोठी दिसतात, ती चीज. लँटर्न मिळाला, पण लंडनबिंडनच्या काचा ज्यांच्याकडून यायच्या होत्या त्यांची परवानगी काही आली नाही. आदल्या आठवड्यात आप्पा मास्तर म्हणाले, "लंडनचा पूल दावायचाच कशाला? आपन आपली चित्रं काढू." आणि त्यांनी सातवीच्या मुलींना घेऊन काचांवर रंगानं चित्रं काढली. शहापुरातला माग, खानापूरकडची भाताची लावणी, आणि निपाणीला जायचं म्हणून तंबाखूची पानं निवडणारी एक बाई.

खेळ भर दुपारी तंबाखूच्या एका वखारीत. दारं लावली की तिथं मिट्ट काळोख व्हायचा, म्हणून ती जागा. वखारीत काम करणाऱ्या बायकाही सुट्टी काढून मुलांच्या मागं येऊन बसल्या. तंबाखूच्या उग्र वासानं आम्ही सगळे शिंकत होतो, त्या मात्र निवांत!

तिसऱ्या चित्राला गलका झाला.

"अगं बया, ही तर आपली चंद्राक्का!"

चंद्राक्का म्हणून बाई होती ती उठून उभी राहिली. आप्पा मास्तर मागं एकदा निपाणीला आलेले, तेव्हा बघितलेला चेहरा त्यांच्या हातातून उतरला होता. चंद्राक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय हो मास्तर, माझं चित्र काढताना मला इचारलंसा?"

कायद्यातलं हे कलम आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"चुकलं, आक्का," आप्पा मास्तर म्हणाले. "पुसून टाकतो."

"पुसायला कोन सांगतंय? माझ्या शेजारी रखमी बसती की रोज! ती कुटं हाय? इचारलं असतं तर सांगितलं नसतं व्हय?"

आणि मागनं रखमी तणतणली, "तेच म्हनते मी! मला का वगाळलं?"

आप्पा मास्तरांनी तिथल्या तिथं रंगाची डबी उघडली. रखमीला उजेडात बसवलं आणि पाच मिनिटांत काचेवर चंद्राक्काच्या शेजारी रखमी काढली. टाळ्या पडल्या. काच ओलीच लँटर्नमध्ये सरकवली. भिंतीवर दोघी शेजारी शेजारी अशा झकास दिसल्या, की रखमीनं पदर नीट केला.

आतला दिवा तापलेला. ओला रंग सुटला. बघता बघता रखमीचं नाक खाली आलं, मग डोळे, मग सगळी रखमी हळूहळू भिंतीवरून ओघळायला लागली.

चंद्राक्का ओरडली, "अगं रखमे, धर कशाला तरी! वाहून चाललीस की तू!"

* * *

आणि हा किस्सा शेवटचा. हा सांगताना परवा आमच्यापैकी कुणी हसलं नाही.

स्वातंत्र्य अगदी तोंडावर आलं होतं. मोठ्या बाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. एके दिवशी वकीलअण्णा तावातावानं ऑफिसात आले आणि एक पातळसं पुस्तक टेबलावर आपटलं. 'सोपे व्याकरण'. निपाणीच्या एका लहान प्रेसमध्ये छापलेलं. वर लेखकाचं नाव नाही, नुसतं 'एक शिक्षिका'.

"वाच, आक्का. पान नऊ."

बाईंनी वाचलं. 'पण' ह्या उभयान्वयी अव्ययाचं उदाहरण दिलं होतं. 'माझा भाऊ वकील आहे, पण तो खरे बोलतो.'

हे वाक्य मोठ्या बाईंचं! गेली पंचवीस वर्षं त्या वर्गात हेच उदाहरण द्यायच्या. आम्ही पानं उलटली. सगळं पुस्तक बाईंचं होतं. तोच क्रम, त्याच व्याख्या, त्यांचं ते 'आता जरा थांबून विचार करा' सुद्धा. बाईंना स्वतःला हे पुस्तक करायचं होतं. निवृत्त झाल्यावर करीन, म्हणायच्या. त्यासाठी त्यांनी टिपणांची एक जाड वही घातली होती.

बाई नुसतं पुस्तक मिटून त्याच्यावर हात ठेवून बसल्या. मी त्यांना रागावलेलं पुष्कळदा बघितलं होतं. अशा बसलेल्या कधी बघितल्या नव्हत्या.

"ही सरळ चोरी आहे," वकीलअण्णा म्हणाले. "प्रेसकडून नाव काढलंय मी. बेळगुंदीची कुणी बाई आहे. नोटीस पाठवतो."

"पाठव," बाई म्हणाल्या.

नोटीस गेली. आठवड्यानं सकाळी शाळा भरताना फाटकात एक बाई उभी. पंचविशीची असेल. डोक्यावर पोतं. बेळगुंदीहून चालत आलेली, पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल. बसाप्पानं तिला ऑफिसात आणलं. वकीलअण्णा कोर्टात जायच्या आधी तिथंच आलेले होते.

तिनं पोतं खाली ठेवलं आणि त्याचं तोंड सोडलं. आत सगळी 'सोपे व्याकरण'ची पुस्तकं.

"बाई, ह्ये समदं तुमचं हाय. परत आनलंय. आठ तेवडी घरोघर गेल्यात, तीबी मागून आनते."

मोठ्या बाई तिच्याकडं बघत राहिल्या. "तू काशी ना? खिडकीपाशी बसायचीस."

"व्हय बाई."

"सहावीतून काढलं होतं तुला. लग्न ठरलं म्हणून. मी आले होते तुझ्या घरी, वडिलांना सांगायला."

"व्हय. मी आतल्या खोलीत हुते."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. काशीनं बाईंच्या तासाला लिहिलेल्या वह्या सासरी नेल्या होत्या. गावातल्या बायका आणि मुली दुपारी तिच्या घरच्या सोप्यात, पुढच्या ओसरीवर जमायच्या, ती त्यांना शिकवायची. आधी तिघी, मग सात, आता बावीस. पुस्तक कुणाकडंच नाही. निपाणीत तिच्या मामाचा लहानसा प्रेस, त्यानं उरलेल्या कागदावर छापून दिलं.

"माझं नाव घालायला मन हुईना," ती म्हणाली. "तुमचं घालायला भ्या वाटलं. म्हनून 'एक शिक्षिका' घातलं. कायदा असतोय ह्ये ठावं नव्हतं, बाई."

"कायदा ठाऊक नव्हता ही सबब कोर्टात चालत नाही," वकीलअण्णा म्हणाले, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

मोठ्या बाईंनी पोत्यातलं एक पुस्तक उचललं. चष्मा लावला. पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. सगळी शाळा बाहेर प्रार्थनेला उभी, आत मी आणि वकीलअण्णा टेबलाशी. काशी चिखलाच्या पायांनी एका फरशीवर अंग चोरून उभी होती. बाई पान उलटायच्या, मान हलवायच्या, पान उलटायच्या.

एका पानावर त्या थांबल्या.

"हे माझं नाही."

काशी दचकली. "कुठलं, बाई?"

"'तरी' ह्या अव्ययाचं उदाहरण. मी देते ते वेगळं. 'पाऊस पडला, तरी शाळा भरली.' इथं दुसरंच आहे."

"त्ये... त्ये मी घातलं, बाई. चुकलं का?"

बाईंनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं.

"'मला शाळेतून काढले, तरी मी शिकले.'"

वकीलअण्णा खिडकीतून बाहेर बघायला लागले.

बाईंनी खण उघडून आपली ती टिपणांची जाड वही काढली. पुस्तकासाठी घातलेली. 'तरी'चं पान काढलं, टाक दौतीत बुडवला आणि मान वर केली.

"काशी, हे वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेऊ का?"

काशीला आधी कळलंच नाही, की आपल्याला काय विचारलंय. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? मग तिनं दोन्ही हात पदराला पुसले, आणि वर्गात उत्तर द्यायला उभी राहायची तशी ताठ उभी राहिली.

"घ्या, बाई. खाली माझं नाव लिवा."

"लिहिते. माहेरचं आडनाव घालू की सासरचं?"

काशीनं जरा विचार केला.

"निस्तं काशी लिवा."